रेझीची इस्त्री

व्हिएन्नाच्या सुतारगल्लीत काश्पर ट्राउटमानइतका संथ कारागीर नव्हता, आणि त्याच्यासारखा हातही कुणाला नव्हता. चौदा महिने तो एकच पुस्तकांचं कपाट करत होता. वर काचेची दारं, बाजूंना काळे खांब. खालच्या दोन दारांवर चेरीच्या लाकडाचा पातळ पापुद्रा असा चिकटवलेला, की एका दारावरची रेघ दुसऱ्यावर आरशात पाहिल्यासारखी उतरावी. हे कपाट उस्तादांच्या पंचायतीला पसंत पडलं तरच काश्पर उस्ताद होणार होता, आणि उस्ताद झाल्याशिवाय त्याला लग्नाची परवानगी नव्हती. त्याच्याशी लग्न ठरलेली रेझी नऊ वर्षं थांबली होती. ती अडतीस वर्षांची होती आणि तिला मूल हवं होतं.

परीक्षेच्या सकाळी त्यानं सवयीनं खालच्या दारावर बोट वाजवलं. उजव्या कोपऱ्यात पोकळ आवाज आला. पापुद्र्याखालचा सरस सुटला होता. काश्परच्या तोंडचं पाणीच पळालं.

रेझी लोकांचे कपडे इस्त्री करून पोट भरायची. तो धावत गेला तेव्हा ती कुणाच्या तरी बाळाचं बाप्तिस्म्याचं झबलं पसरत होती.

"इस्त्री घेऊन चल. निखाऱ्यांसकट."

"अरे, पण तुझ्या पॉलिशला सोसेल का?"

"दुपारी पंचायतीचे म्हातारे कपाटाची दारं वाजवून बघणार आहेत, रेझी! विचारत बसू नकोस, चल!"

कपाटापाशी येऊन तिनं त्या कोपऱ्यावर फडकं ठेवून इस्त्री दाबली. उष्णतेनं सरस वितळला, पापुद्रा बसला. फडकं उचललं, तर लाखेच्या पॉलिशवर पांढरा डाग! तीस वर्षं लाख घासणाऱ्याला हे ठाऊक नव्हतं का? होतं की. पण जीव घायकुतीला आला की शहाणपण पहिलं पळतं. तो घासत राहिला आणि डाग पसरत गेला.

दुपारी पंचायतीचे थोरले उस्ताद ओब्लासर त्या डागापाशी वाकले.

"इथं पोकळ होतं?"

"होतं, उस्ताद. नखाएवढं."

"गाढवा, माझ्या स्वतःच्या परीक्षेच्या कपाटात तसल्या दोन जागा आहेत! तेवढ्याकडे आम्ही काणाडोळा करतो. पण तयार पॉलिशवर विस्तव ठेवणाऱ्याला उस्ताद कसं म्हणू? दोन वर्षांनी ये."

रेझी दाराशीच उभी होती.

"माझ्याच हातानं झालं ना रे?"

"नाही गं. मीच तुला आणलं."

तो आणखी काही बोलणार होता, पण त्याला रडू फुटलं. रेझीनं विझलेली इस्त्री उचलली.

"जाऊ दे मला," ती म्हणाली. "ते झबलं आजच द्यायचंय."