बूट तळाला, लक्ष्मी वर

सातवीनंतर माझी शाळा सुटली. पुढची शाळा नदीपलीकडे होती आणि मला डोंग्यात बसायची भीती वाटायची. शाळा सुटली की लोक गरिबीचं कारण सांगतात. गरिबी आमच्याकडेही होतीच, पण खरं कारण डोंगा. पोरगं आज ना उद्या धीट होईल, अशी बापानं बरीच वाट पाहिली. मग मला भिलाईला मामाकडे पाठवून दिलं आणि गावात सांगून टाकलं, की पोरगं पोलादाच्या कारखान्यात लागलं.

मी लागलो होतो भिलाईलगतच्या सुपेल्यात, एका गोदामात. मामा रेल्वेत गँगमन, दुर्गच्या लाइनीवर. त्याच्या ओळखीनं शेठनं मला उभं केलं होतं. कारखान्याची पहिली भट्टी नुकतीच पेटली होती. वसाहतीच्या सेक्टरांमध्ये क्वार्टर उठत होते, कुठून कुठून माणसं येऊन त्यांत शिरत होती, आणि दुकानं मात्र बोटावर मोजण्यासारखी. त्या दुकानांना माल पोचवायचा, हा आमच्या शेठचा धंदा. ठेवून घेतानाच त्यानं सांगितलं होतं, "दिवाली का माल सही-सलामत निकल गया तो रख लूँगा. नहीं तो मामा से बोलना, वापसी की गाड़ी देख ले." मामा रेल्वेतलाच असल्यामुळे वापसीची गाडी पाहायला त्याला कितीसा वेळ लागणार, या विचारानं मला जेवण जात नसे.

मला काम दिलं ते ट्रक भरून घ्यायचं. कारण मला पेट्यांवरची नावं वाचता येत होती. उचलायला हमाल बाया होत्या. त्यांची पुढारी एक छत्तीसगढी म्हातारी, तिला सगळे दाई, म्हणजे आई, म्हणायचे. मीही म्हणायचो. ड्रायव्हर आमचाच, नागपूरचा. लढाईत ब्रह्मदेशात मिलिटरीच्या गाड्या चालवून आलेला. मी त्यांना काका म्हणायचो. पहिल्याच दिवशी त्यांनी मला ट्रकच्या मागच्या फाळक्यापाशी उभं करून विद्या दिली.

"पाह्य पोट्ट्या, गाडी उलटी भराची असते. जे शेवटी उतराचं, ते आधी चढवाचं. जे आधी उतराचं, ते शेवटी. अन् जड तळाले. समजलं?"

"समजलं, काका."

"मंग तोंड असं कावून केलं?"

तोंड माझं तसंच होतं. पण नियम मी पाठ केला. रस्त्यानं चालताना म्हणायचो, मामाच्या घरी ताटावर बसतानाही म्हणायचो. मामी म्हणाली, "हा काय मंतर मनून राहिला?"

दिवाळी तोंडावर आली आणि मोठा लोड भरायचा दिवस उजाडला. सगळ्यात आधी उतरायचे होते बूट. रेल्वे फाटकापलीकडे पहिल्याच बाजारात एक बूटवाला होता. कारखान्यात घालायचे जाडजूड बूट तो विकायचा आणि सणाला ते फार खपायचे. सगळ्यात शेवटी, टोकाच्या सेक्टरात, उतरायच्या होत्या मातीच्या लक्ष्म्या. मधल्या दुकानांचे झाडायचे फडे, मिठाची पोती, पितळेची भांडी, लाह्या-बत्ताशांच्या टोपल्या आणि व्यापाऱ्यांच्या हिशेबाच्या नव्या लाल चोपड्या. नियम सांगत होता, लक्ष्म्या सगळ्यात आत, तळाला. बूट सगळ्यात वर, फाळक्यापाशी. मी तसं भरून घेतलं. भाताच्या तणसात गुंडाळून टोपल्यांत ठेवलेल्या लक्ष्म्यांभोवती मिठाची पोती लावून त्यांना चांगलं आवळलं. मला वाटलं, आता शेठनं नुसतं पाहावं.

शेठनं पाहिलं. तो चपला काढून ट्रकपाशी आला आणि त्यानं वाकून आत बघितलं.

"लक्ष्मीजी कहाँ हैं?"

"सबसे नीचे, शेठजी. सुरक्षित."

"और ऊपर?"

"जूते."

त्यानं कानाला हात लावले. मग म्हणाला, "धनतेरस सिर पर है और मेरी गाड़ी में लक्ष्मी के सिर पर जूता." एवढं बोलून तो गादीवर जाऊन बसला. ट्रक परत रिकामा झाला.

आता लक्ष्म्या वर घ्यायच्या. पण कशाच्या वर? मी फड्यांचे गठ्ठे खाली रचायला लागलो तर दाईनं माझा हात धरला. फडा म्हणजे पण लक्ष्मीच, दिवाळीला त्याची पूजा होते, त्याच्यावर भार नको. बरं, मग मीठ. मी पोत्यावर पाय देऊन वर चढलो तशी दाई ओरडली, "नून मा गोड़ झन मढ़ा, बेटा!" मिठावर पाय द्यायचा नाही, मीठ पण लक्ष्मी. चोपड्या म्हणजे सरस्वती, असं मुनीम जाता जाता सांगून गेला. पितळेची भांडी धनतेरसची, तीही पूजेतलीच. बत्तासे प्रसादाचे. मी कपाळाला हात लावून बसलो. त्या अख्ख्या मालात बूट सोडले तर सगळेच देव होते, आणि देवावर देव रचायचा नाही म्हटल्यावर आम्हाला ट्रक नव्हे, मैदान हवं होतं.

काका बॉनेटला टेकून हे सगळं बघत होते. "सारे देव हायेत नं? मंग एक बूटच माणूस. त्याले घाल खाली."

"पण काका, बूट तर आधी उतरायचे."

"मले सांगू नको. शेठले सांग."

शेठला सांगायची माझी हिंमत नव्हती. बूट तळाला गेले. त्यांच्यावर फळ्या टाकल्या, म्हणजे बुटांचा कोणाला स्पर्श नको. फळ्यांवर दाईनं एकेकाचा मान बघून सगळं मांडलं, आणि लक्ष्म्या सगळ्यात उंचावर. दाई म्हणाली, त्या तू आपल्या हातानं चढव, बायांचे हात तेलकट आहेत.

मी थांबलो. आमच्या घरचे देव मामानं नागपूरच्या दीक्षेनंतर नदीत सोडले होते. आमच्याकडे दिवाळीला दिवा लागत नसे. काकांकडेही तेच. त्या गोदामात मला कोणी जात विचारली नव्हती, प्रांत तेवढा विचारला होता, आणि ते उपकार मी रोज मनात मोजायचो. पण आता लक्ष्मी हातात घेतल्यावर कोणी विचारलं तर? काकांना माझं थांबणं कळलं. त्यांनी हळूच म्हटलं, "आपला देव नाही मनून का फोडाचा हाये? दुसऱ्याचं लेकरू असलं तरी सांभाळूनच घ्या लागते. चढव."

मी चढवल्या. कोणी काही विचारलं नाही. दाईनं फक्त सांगितलं, तोंडं पुढे कर, देवीनं पाठमोरं जाऊ नये.

उतरवायला दाई आणि तिच्या बाया मागे मालाच्या कडेला बसल्या. फाटकावर मालगाडीसाठी बराच वेळ उभं राहून आम्ही बूटवाल्याकडे पोचलो. मी उतरून हात जोडले आणि त्याला म्हटलं, तुमचे बूट येताना देतो. तो पंजाबी, उंचापुरा. त्यानं ट्रककडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि सरळ बॉनेटसमोर जाऊन उभा राहिला.

"शेठ ने सुबह का बोला था. मेरे ग्राहक नंगे पाँव बैठे हैं. गाड़ी मेरे ऊपर से ले जाओ."

काकांनी इंजिन बंद केलं. "पोट्ट्या, आता सारे देव खाली घ्या लागतात."

रस्त्याच्या कडेला ताडपत्री अंथरली. दाई आणि तिच्या बाया एकेक वस्तू उतरवायला लागल्या. पण दाई ती, टाकून कशी देणार? लक्ष्म्या पूर्वेकडे तोंड करून एका ओळीत. पुढे बत्तासे-लाह्या. बाजूला भांडी चमकतील अशी. फडे उभे. मीठ मागे. मी फळ्या काढून बुटांच्या पेट्या ओढत होतो, आणि वर मान केली तेव्हा ताडपत्रीभोवती बाया जमल्या होत्या. क्वार्टरांतून आणखी येत होत्या.

त्या सेक्टरात तेव्हा भाजी आणि बूट सोडले तर काही मिळत नसे. सणाच्या सामानासाठी सुपेल्याला पायपीट करावी लागे. आणि आज अख्खी दिवाळी दारात मांडलेली. तेलुगू बाई भांडं वाजवून बघू लागली. एक बंगाली काकू लक्ष्मीच्या नाकावरून मला काहीतरी सुनावत होत्या. नाक त्यांना पसंत नव्हतं एवढंच मला समजलं. मी सगळ्यांसमोर हात पसरून उभा, "ये बेचने का नहीं है, बाईजी. दूसरे का है."

"तो रस्ते पर क्यों लगाया?"

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते बुटांपासून सुरू करावं लागलं असतं.

काका म्हणाले, "ऐकून राहिल्या का त्या? तू आपला उभा राह्य. हात खाली नको करू."

एवढ्यात एक रशियन बाई आली. कारखाना उभारायला आलेल्या साहेबांपैकी कोणाची तरी. गर्दीनं तिला वाट दिली. तिनं एक फडा उचलला, हवेत झाडून पाहिला, खूश झाली, काहीतरी बोलली आणि फडा खांद्यावर टाकून निघून गेली. मी काकांकडे पाहिलं.

"अडवू का?"

"कोनत्या भाषेत अडवतं? जाऊ दे, पाहुणी हाये."

आणि नेमका त्याच वेळी शेठ सायकलवर आला. दुपारी तो दुकानं फिरायचा. लांबून त्याला आपला माल रस्त्यावर, लक्ष्मी ताडपत्रीवर आणि भोवती जत्रा दिसली. सायकल त्यानं उभी केली नाही, सोडूनच दिली. गावचा रस्ता मला दिसायला लागला.

"ये क्या दुकान लगाई है?"

"दुकान नहीं, शेठजी. बूट निकाल रहे हैं."

"और एक झाड़ू कम क्यों है?" त्याची नजर मालावरून एकदाच फिरली होती.

"रूस ले गया," मी म्हणालो.

बूटवाला हसायला लागला. शेठ हसला नाही. त्यानं बायांकडे पाहिलं. बाया त्याच्याकडे पाहत होत्या, हलत नव्हत्या. मग त्यानं खालच्या आवाजात मला विचारलं, "कुछ बेचा?"

"नहीं शेठजी, एक भी नहीं."

"इतने लोग खड़े हैं और तूने कुछ नहीं बेचा?"

"आपने बेचने को नहीं बोला था."

"और बेच देता तो?"

"तो... आप मारते."

"मारता," शेठ म्हणाला. थोडा विचार करून पुन्हा म्हणाला, "मारता तो ज़रूर." मग त्यानं बायांना हात जोडले आणि सांगितलं, उद्या याच जागी गाडी येईल, हेच सगळं घेऊन, फक्त तुमच्यासाठी. बंगाली काकूंना नाकाचं वेगळं आश्वासन दिलं. माझ्याकडे वळून म्हणाला, "चढ़ाओ. दिया लगने से पहले आखिरी सेक्टर."

सगळे देव परत चढले. या खेपेला मी लक्ष्म्यांपाशीच बसलो. एका हातानं त्यांची एक टोपली धरलेली, दुसऱ्या हातानं दुसरी, आणि काका खड्डा आला की आधी ओरडून सांगायचे. मधली दुकानं करत टोकाला पोचलो. शेवटच्या दुकानदारानं तणस बाजूला केलं. एकीचाही हात गेला नव्हता, कान गेला नव्हता. त्यानं घंटी वाजवली, ट्रकलाच ओवाळलं आणि काकांच्या बॉनेटवर कुंकू लावलं. काका स्टिअरिंग धरून गंभीरपणे बसून राहिले. मी खिडकीतून पाहिलं तर ते एवढंच म्हणाले, "लोकं खूश हायेत. गप बस."

पण शेठ मला काही बोलला नाही. ठेवतो म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. दुसऱ्या दिवशी त्या बायांसाठी गाडी भरली, तेव्हा नाही. दिवाळी झाली, तेव्हाही नाही. मामा रोज संध्याकाळी विचारायचा, "काय झालं तुह्यं?" मी म्हणायचो, "माहीत नाही." मामी म्हणायची, "पोराले जेवू तं द्या." सण सरल्यावर मी सकाळी गोदामाच्या दारात जाऊन उभा राहिलो, आत जायचा धीर होईना. आत गठ्ठ्यांचा डोंगर पडला होता. थंडीचा माल आला होता.

शेठनं गादीवरूनच मला पाहिलं. "बाहर क्यों खड़ा है? ये रजाइयाँ हैं. रजाई में तो कोई भगवान नहीं है ना?"

मी दाईकडे पाहिलं. दाईनं जरा विचार केला आणि मान हलवली, की नाही.

"फिर भर," शेठ म्हणाला.

त्या संध्याकाळी मामानं नेहमीसारखं विचारलं. मी म्हटलं, "रजया भरून राहिलो, मामा."

"मंग ठेवलं मन नं, येड्या," मामा म्हणाला, आणि त्यानं मामीला आणखी एक भाकर टाकायला सांगितली.