नाव न देता वाचणारे मामा

माझे मामा शिलाई मशीन दुरुस्त करतात. हाताला कायम तेल आणि जिभेला धार. त्यांच्या मुलीने, म्हणजे माझ्या ताईने, दुकान सोडून ब्लॉग लिहायला घेतला, तेव्हा ते म्हणाले, "तुझं लिहिणं काळं कुत्रंही वाचणार नाही." ताई दुसऱ्या शहरात निघून गेली. तीन वर्षं बोलणं बंद.

ती गेल्यावर महिन्याभरात मामांनी मला दुकानात बोलावलं. नवा लेख आला की कळावं म्हणून ताईच्या ब्लॉगवर दोन सोयी होत्या: ईमेलचा पत्ता द्यायचा, नाहीतर फीड लावायचं.

"पत्ता दिला तर तिला कळतं, कोणी दिला?"

"कळतं. यादीत दिसतो."

"आणि ते दुसरं?"

"त्यात तुमचं अ‍ॅपच ब्लॉगवर जाऊन नवीन काही आलंय का बघून येतं. तुम्ही कोण, हे तिला कळत नाही."

"मग तेच लाव. ईमेलमध्ये नुसत्या जाहिराती येतात."

जाहिरातींचं निमित्त मला काय कळत नव्हतं? बाप वाचतोय हे समजलं तर पोरगी लिहायची थांबेल, ही त्यांना धास्ती. रोज दुकान उघडलं की आधी फीड, मग मशीन. एकदा ताईने लेखात मशीनच्या भागांची नावं चुकवली, शटलला बॉबिन म्हटलं, तर दिवसभर गिऱ्हाइकांवर खेकसत होते.

गेल्या महिन्यात तिने कळवलं: ब्लॉग बंद करतेय, यापुढचं फक्त ईमेलने येईल.

"खोट्या नावाने पत्ता काढून देते," मी म्हटलं.

मामांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "नको. बापाने किती दिवस चोरून वाचायचं?"

पत्ता टाकताना दोनदा चुकले. मी हात पुढे केला तर माझ्यावरच डाफरले. नाव मात्र पूर्ण लिहिलं, आडनावासकट.

दुपारपर्यंत काहीच आलं नाही. मामा एकाच मशीनला पुन्हा पुन्हा तेल घालत बसले. मला त्यांची कीव आली आणि रागही आला. एवढा जीव होता, तर तेव्हाच जीभ आवरायची होती.

चार वाजता मेल आला. एकच ओळ: "बाबा, कधीपासून वाचताय?"

मामांनी चष्मा पुसला आणि एका बोटाने लिहिलं, "पहिल्या लेखापासून. सगळे. काही दोनदा."

"पाठवू का गं?" त्यांनी विचारलं, आणि मी तोंड उघडायच्या आत पाठवूनही टाकलं.