फळ्यांच्या आत

मी याद्या करणारी बाई. किराणा, औषधं, बँकेची कामं, सगळं लिहून ठेवते. भुताखेतांच्या गोष्टी कोणी सांगू लागलं की उठून जाणारी. त्यामुळे हे लिहिताना अवघडल्यासारखं होतंय... तरी क्रमाने सांगते.

आम्ही कुंभकोणमचे, तंजावरी मराठी. आई ब्याऐंशीची, बरंच विसरते. मागच्या वर्षी, सकाळी अकराला, आम्ही मोठ्या बाजाररस्त्यात होतो. वर जुन्या माड्यांचे लाकडी कठडे, खाली पितळी भांड्यांची दुकानं, मध्येच एखादं काचेचं शोरूम. मी समई पाहायला वळले... मागे बघते तर आई नाही!

वीस मिनिटं शोधलं. मग समईच्या दुकानाशेजारच्या बंद दुकानातून हाक आली — "कुट्टीबाई!" मला असं फक्त आई म्हणते.

त्या दुकानाला दार नाही. नंबर घातलेल्या उभ्या फळ्या बाहेरून खाचेत सरकवायच्या, वर आडवी लोखंडी पट्टी आणि कुलूप. कुलूप गंजलेलं.

"मामी, सहा वर्षं उघडलं नाही," भांडीवाला म्हणाला; इकडे परक्या बाईलाही मामीच म्हणतात. ते बंद दुकानही त्याचंच. "उंदीरसुद्धा कंटाळून गेले."

"आधी तोडा ते!"

पाच फळ्या काढल्यावर आई दिसली. भिंतीला टेकून, शांत. मागे दार नाही, खिडकी नाही, छत शाबूत — मी स्वतः पाहिलं. भांडीवाल्याने फळ्या लावून नवं कुलूप घातलं.

घरी आईने ताट दूर सारलं. "तिला कां कोंडलंस?"

"कोणाला?"

"माझ्याजवळ बसली होती ती. मला तुझं नाव आठवेना... हाक तिनेच मारली."

दोन दिवस आईने घास घेतला नाही. तिसऱ्या दिवशी मी दुकान पुन्हा उघडायला लावलं. रिकामं. पण धुळीत बसल्याच्या खुणा दोन होत्या, शेजारी शेजारी.

काय करावं कळेना. शेवटी मोठ्याने म्हणाले, "या, बाहेर या." स्वतःचीच लाज वाटली. भांडीवाला मात्र हसला नाही. फळ्यांना हातही लावला नाही. "राहू दे थोडा वेळ उघडं, मामी."

घरी येऊन सांगितलं, "आई, ती निघाली."

आईने ताट ओढलं. भात कालवता कालवता विचारलं, "कुठे गेली?"

आई अजून विचारते.