आईच्या दहाव्याचं भाषण

माझं तोतरेपण गेलं, असं गावात सगळे म्हणतात. गेलं खरं. बीडच्या एका सरांनी शब्दाला शब्द जोडून एका दमात बोलायला शिकवलं आणि जीभ अडायची थांबली. पण त्या दमात अक्षरं पुसट होतात. "आधी अडकायचा, आता तोंडात घास धरून बोलतो," म्हणून लोक हसतात. माझ्या दुकानातलं गिऱ्हाईकसुद्धा माझ्याऐवजी कारागिरालाच भाव विचारतं. माझं बोलणं धड कळायचं ते दोघांनाच, आईला आणि थोरल्या भावाला.

आई गावी भावाकडे असायची. म्हणजे गोठ्यालगतच्या पत्र्याच्या खोलीत. मी बीडहून फोन केला की भाऊ म्हणायचा, "म्हातारी ठणठणीत हाय." ती तापानं फणफणली होती, तेव्हाही हेच म्हणाला. दवाखाना तिला दिसलाच नाही. हे सगळं मला शेजारणीनं सांगितलं, तेही आई गेल्यावर.

दहावा मात्र झोकात झाला. जिवंतपणी पुसायचं नाही आणि मेल्यावर बुंदी वाढायची, ही आमच्याकडची रीतच आहे. गोदावरीकाठी मंडप, माइक, पांढऱ्या कपड्यातले पुढारी. पिंडाला कावळा शिवेपर्यंत श्रद्धांजलीची भाषणं चालतात. ज्यांनी आईला कधी पाहिलं नव्हतं, ते तिला माउली म्हणत होते. एकानं तर भावाला श्रावणबाळ म्हटलं. माझं डोकं फिरलं. आज चारचौघांत बोललो नाही, तर हेच खरं म्हणून गावात राहील, एवढंच डोक्यात होतं.

मी उठलो आणि माइक घेतला. पत्र्याची खोली सांगितली, ताप सांगितला, फोनवरचं खोटं सांगितलं. भावाकडे बोट करून म्हणालो, "आईला यानं मारलं." कुठंही अडलो नाही. एवढं सलग मी जन्मात बोललो नव्हतो.

मग पुढच्या रांगेतल्या एका चुलतीनं डोळ्याला पदर लावला. "लई माया होती पोराची," ती बाजूला बसलेल्या बाईला म्हणाली. सूत्रसंचालन करणाऱ्या गुरुजींनी हळूच माइक काढून घेतला आणि म्हणाले, "दुःखावेगामुळे धाकट्या चिरंजीवांना बोलवत नाही. आपण त्यांच्या भावना समजू शकतो."

मी ओरडणार होतो. पण ओरडून तरी कुणाला काय कळणार होतं?

तेवढ्यात भाऊ उठून आला आणि त्यानं मला मिठी मारली. लोक हळहळले. उपरण्यानं माझे कोरडे डोळे पुसत तो कानाशी म्हणाला, "मला समदं कळलं, बरं का. पर आता आई न्हाई. तुझं बोलणं कळणारा मी एकटाच हाय."