पेंढ्यातली विलायती गाडी

भाताच्या पेंढ्याचा वास आला की मला आजोबांची काळी विलायती गाडी आठवते. ऐंशीच्या दशकात अख्ख्या रत्नागिरीत तसली दुसरी नव्हती. आजोबा गेल्यावर ती पडवीत नुसती उभी राहिली, तेव्हा आईने तिला कामाला लावलं. मे महिन्यात मागच्या सीटवर पेंढा अंथरून ती त्यात हापूसची आढी लावायची. काचा चढवल्या की आत अशी ऊब धरायची, की माळ्यावरही आंबा तसा पिकत नसे. पुढे वडिलांनी गाडी विकायचं ठरवलं आणि ऐन मेमध्ये मुंबईचे एक शौकीन गृहस्थ ड्रायव्हर घेऊनच आले. त्यांनी बॉनेटवरून प्रेमाने हात फिरवला, मागचं दार उघडलं आणि ओरडले, “अहो, या चामड्यावर हा कचरा कुणी टाकला?” आई ओटीवरूनच म्हणाली, “कचरा नाय, आढी लावल्ये मी. आधी दार लावा, वारा लागतोय.” “पण मला गाडी आजच न्यायचीय.” “मग राहू दे. आंबे परवा पिकतील, परवा या.” वडील माडांकडे बघत राहिले. गृहस्थ लॉजवर उतरले, परवा आले, आमरस ओरपून गाडी घेऊन गेले. गेल्या महिन्यात मुंबईच्या एका प्रदर्शनात ती मला दिसली, चकचकीत, भोवती दोरी बांधलेली. मी सरळ दोरीखालून गेले, मागचं दार उघडलं आणि सीटला नाक लावलं. रखवालदार धावत आला, “मॅडम, दार लावा!” “लावते हो,” मी म्हटलं, “नाहीतर वारा लागेल.”