कोट बहावलची फातिहा

गुजरांवाल्यात इनायत मुघलला कोणी शेठ म्हणत नसे. पंख्यांचे दोन कारखाने झाले, व्यापारी संघाचं अध्यक्षपद मिळालं, तरी तो मिस्त्रीच राहिला. मोटारीला तार गुंडाळत मोठा झालेला लोहाराचा पोरगा! पण प्रांताच्या असेंब्लीसाठी अपक्ष उभा राहिला आणि त्याच हाकेची शिवी झाली. "बरं झालं," चौधरी इखलाक भर सभेत म्हणाला, "असेंब्लीतले पंखे फार कुरकुरतात." जागा तीन पिढ्या चौधरीच्या घरात होती.

इनायतला चेव चढला. शहर त्याच्यामागे उसळलं होतं, गाडी अडत होती ती कोट बहावल गावाला. तिथल्या बिरादरीचे वडीलधारे बाबा नजर एखाद्या उमेदवाराच्या नावाने दुआ-ए-खैरसाठी हात उचलत, मागोमाग सगळी बिरादरी हात उचले, आणि गावाचा शब्द पक्का होई. आजूबाजूची गावंही मग तिकडेच वळत. ते हात आजवर चौधरीसाठीच उठले होते. यंदा मात्र बाबा अजून गप्प होते.

मतदान तोंडावर आलं आणि बाबांची बायको वारली. इनायत गेला, सतरंजीवर बसला, "बाबाजी, फातिहा," एवढंच म्हणाला. गेलेलीसाठी दुआ मागायला सगळ्यांनी हात उचलले. मतांचा विषय त्याने काढला नाही. मयताच्या घरी तो कोणीच काढत नाही.

त्याच दुपारी कारखान्याच्या दारात ढोल! प्रचार सांभाळणारा भाचा जुबैर लाडू घेऊन धावत आला.

"मामू, तोंड उघडा! कोट बहावलने दुआ केली!"

त्याच्या मोबाइलवर फोटो होता. बाबांचे उचललेले हात, शेजारी इनायतचे.

"गाढवा, ती फातिहा होती!"

"गावोगाव धाडलाय, फोटोत कुठे कळतंय? चौधरीची माणसं फुटतायत, मामू. चार गावांनी शब्द दिला. तुम्ही फक्त गप्प बसा."

इनायत बसलाही गप्प. चहाचा कप संपेपर्यंत. बाहेर "मिस्त्री! मिस्त्री!" चालू होतं, असेंब्लीची खुर्ची हाताला लागल्यासारखी वाटत होती. पण फोटोत बाबांच्या गालावर पाणी होतं, आणि ते त्याला दिसत होतं.

"गाडी काढ," तो उठला. "तूही चल."

कोट बहावलच्या अंगणात शिरताच बाबांच्या पुतण्याने जुबैरची कॉलर धरली. "आमच्या काकीच्या मयतावर मतं मागता?" गच्चीवर बायकांची गर्दी झाली.

"सोड त्याला, त्याला काम आहे," इनायत म्हणाला. "जुबैर, व्हिडिओ काढ." आणि मोबाइलसमोर उभा राहून खणखणीत बोलला, "तो फोटो फातिहाचा आहे. कोट बहावलने मला शब्द दिलेला नाही. फोटो बघून ज्यांनी दिला, ते मोकळे. त्या माऊलीची मी माफी मागतो."

"मामू, मेलो आपण," जुबैर कुजबुजला.

"सगळ्या गावांना धाड आधी."

बाबा सतरंजीवरून उठून पुढे आले. मग म्हणाले, "मिस्त्री, सकाळपर्यंत मन तुझ्याकडे होतं. फोटो बघितला, डोकं फिरलं, आणि आत्ताच चौधरीच्या डेऱ्यावर जाऊन दुआ करून आलो. आता शब्द फिरत नाही."

"हात तुम्ही उचललेत, अब्बा," गच्चीवरून थोरली लेक सुघरा ओरडली. "आम्हाला कोणी विचारलं?"

"गप गं!"

मतमोजणीला व्हायचं तेच झालं. मोकळी झालेली चारही गावं चौधरीकडे परतली. कोट बहावलचा पुरुषांचा बूथ तर सरसकट त्याचाच. जुबैरने डोकं गुडघ्यात घातलं. शेवटी उरला तिथला बायकांचा बूथ. फोन वाजला, जुबैर ताडकन उठला, बोलता येईना म्हणून नुसताच इनायतला मिठी मारून हलवू लागला. थोडक्या मतांनी का होईना, मिस्त्री निवडून आला होता!

पुढचा फोन बाबा नजरचा.

"सांगून ठेवतो, मी चौधरीलाच मत दिलंय."

"ठाऊक आहे, बाबाजी."

"घरात बायका माझ्याकडे बघून हसतायत." मग ते म्हणाले, "सुघरा म्हणते, मुलींच्या शाळेला छप्पर नाही. उद्या येतोस?"

"येतो ना," इनायत म्हणाला, आणि ढोलांच्या गलक्यात ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा ओरडला, "येतो!"