एकदाच घ्यायची, पण चांगली घ्यायची

आमच्या निशिकांतने एखादी वस्तू पाहिली आणि घेतली, असं लग्न झाल्यापासून घडलेलं नाही. साधा मिक्सर घ्यायचा, तर इथल्या आपल्या लोकांच्या लिटिल इंडियातली सगळी दुकानं पालथी घातली आणि शेवटी पहिल्याच दुकानात परत आला. ‘एकदाच घ्यायची, पण चांगली घ्यायची,’ हे त्याच्या पुण्याच्या घरचं वळण. तुआसच्या कारखान्यात म्हणे हाच माणूस पटापट निर्णय घेतो. असेल बाई.

आमची मैत्रेयी प्रायमरीत होती तेव्हाची गोष्ट. आमचा ब्लॉक बुकित तिमाहच्या जंगलाला लागून आहे. शेजारच्यांना कारपार्कपाशी खवले मांजर दिसलं आणि पोरीने हट्ट धरला. हा म्हणाला, “अंधारात दिसणारी दुर्बीण आणतो, मग तुला नक्की दाखवतो.” झालं! पोरगी माझ्यापेक्षा उंच झाली, तरी दुर्बिणीचा पत्ता नाही. आणि दोन हजार सोळाच्या जुलैत ती शिकायला मेलबर्नला निघाली.

तिकीट आलं आणि ह्याच्या पायाला भिंगरी लागली. जेवताना फोन, बसमध्ये फोन. अमेरिकेतले शिकारी रानडुकरं टिपतात, त्यांचे व्हिडिओ हा कपाळाला आठ्या घालून बघायचा. उष्णतेवर चालणारी दुर्बीण म्हणे फार भारी. “पण तिच्यात नुसता पांढरा गोळा दिसतो गं. खवलेच दिसले नाहीत तर काय उपयोग?” हिरवं चित्र दाखवणारी नको, ती चुकून उजेडात चालू राहिली तर बिघडते. मग डिजिटल. त्यातही कमी पॉवरची घ्यावी की जास्त?

“अरे, डुक्कर मारायचंय का आपल्याला? कुठलीही आण, पोरगी चालली,” मी वैतागून म्हटलं.

“नंदा, एकदाच घ्यायची आहे.”

जायच्या आदल्या आठवड्यात एकदाची आली. सगळ्यात जास्त पॉवरची, पार मैदानापलीकडचं डुक्कर दाखवणारी. मैत्रेयी म्हणाली, “Baba, finally lah,” आणि त्याच्या गळ्यात पडली.

रोज संध्याकाळी जेवणं उरकून आम्ही तिघं जंगलाकडेच्या पायवाटेवर जायचो. डास फोडून काढायचे. हा एक डोळा मिटून झाडीत बघत राहायचा, दुर्बीण डावीकडून उजवीकडे, पुन्हा डावीकडे. मिळालं काय, तर एक मांजर आणि दूरच्या बाकावरचं जोडपं. घरी आल्यावर झोप नाही, नुसत्या येरझारा. मलाही चैन पडेना. शब्द दिला होता ना लेकराला.

निघायच्या आदल्या संध्याकाळी पाचोळा वाजला. गटाराच्या कठड्यावरून ते सरळ आमच्याकडेच चालत आलं. मान खाली, पाठीवर खवले, अगदी हात लांबवला तर लागेल इतक्या जवळ. मागच्या दिव्याच्या उजेडात मला चष्म्यातून लख्ख दिसलं. मैत्रेयीने माझा दंड घट्ट धरला.

निशिकांतने दुर्बीण लावली होती. तो चकती फिरवत होता, पुढे, मागे. लांबचं जवळ आणणारी ती वस्तू, हाताशी आलेलं तिला दिसतंय कुठे? “Baba, put it down,” मैत्रेयी कुजबुजली. “एक मिनिट, जमतंय,” तो म्हणाला. तेवढ्यात खवले मांजर झुडपात शिरलं.

त्याने दुर्बीण खाली घेतली. “दिसलं ना तुला?”

“Yes. And you, Baba?”

“मग! काय सुंदर होतं.”

घरी येईपर्यंत तो ‘काय सुंदर, काय सुंदर’ करत होता. मला खोटं कळत होतं आणि त्याचा रागही येत होता. पण पोरीसमोर काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी चांगी विमानतळावर हा या पायावरून त्या पायावर. पासपोर्ट घेतला का, जॅकेट वर ठेवलं का, एकच प्रश्न दहादा. तिची आत जायची वेळ झाली. मला रडू फुटलं. हा जरा जवळ सरकला आणि हळूच म्हणाला, “मैत्रेयी, त्याचं तोंड कसं होतं गं?”

ती त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिने पाठीवरची बॅग खाली ठेवली. एरवी मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देणारी माझी लेक म्हणाली, “बाबा, निमुळतं होतं. डोळे एवढेसे. आणि चालताना ना, पुढचे पाय पोटाशी धरल्यासारखं करत होतं.”

शेपटीपर्यंत सगळं सांगून झालं, तरी त्याने तिला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.